बुडीत खात्यातली श्रीमंती



‘अंकात दर वेळी पाककृती नाहीतर प्रवासवर्णनं येतात, तुम्ही जरा वेगळं काहीतरी द्या,’ असा संपादकांचा निरोप आला. आमचं यलोस्टोनचं आठ पानी प्रवासवर्णन लिहून तयार होतं, ते मुकाट्याने खणात गेलं. मग वेगळं काय, असा विचार करताना जेवणघरातल्या कपाटातली काळी वही आठवली. आमच्याकडे पॉटलकला येऊन गेलेल्या बहुतेकांनी ती पाहिली आहे. काहींना तर आम्ही ती आग्रहाने दाखवली आहे, श्रीखंडाच्या दुसऱ्या वाटीसारखी. वहीत अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातल्या कागदी नोटा आहेत. एकूण १९. तीस-बत्तीस वर्षांत १९, म्हणजे आम्ही काही मोठे संग्राहक नव्हे, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आलंच असेल.

वही पाहून पाहुणे दोन प्रश्न विचारतात. पहिला, ‘विकल्या तर किती येतील?’ दुसरा, ‘या अजून चालतात का?’ पहिल्याचं उत्तर सोपं आहे: फार नाही. दुसऱ्याला मात्र जरा वेळ लागतो.

सुरुवात झाली १९९१ साली. थोरली तेव्हा चौथीत होती आणि तिला शाळेत स्वातंत्र्ययुद्धावर प्रोजेक्ट मिळालं होतं. इथलं प्रोजेक्ट म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहेच. मुलांनी झोपायचं आणि आईबापांनी रात्री ११ वाजता जेवणाच्या टेबलावर डिंक लावत बसायचं. त्यासाठी आम्ही न्यू जर्सीहून फिलाडेल्फियाला गेलो, इंडिपेंडन्स हॉल पाहिला, चिरफळलेली घंटा पाहिली आणि एका दुकानातून ‘जुन्या नोटा’ घेतल्या, डॉलरला तीन. तपकिरी, सुरकुतलेल्या, पापडासारख्या कडकडणाऱ्या. आम्हाला वाटलं, घबाड मिळालं! दोन आठवड्यांनी गावातल्या अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये नाण्यांचा बाजार भरला होता, तिथे त्यातली एक पाकिटात घालून घेऊन गेलो. टेबलामागे एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ होते. त्यांनी नोट उलटी केली, भिंग पुढे सरकवलं आणि कोपऱ्यातला एक बारीक शब्द दाखवला: ‘कॉपी’. अशा नकलांवर तसं छापलंच पाहिजे असा १९७३ चा कायदा आहे म्हणे. बी.एस्‌सी. फिजिक्स आणि बी.ए. इकॉनॉमिक्स, दोघांपैकी एकाच्याही नजरेला तो शब्द पडला नव्हता.

ते गृहस्थ हसले नाहीत, एवढे त्यांचे उपकार. त्यांनी पेटीतून एक पाकीट काढलं, आतली नोट आमच्या हातावर ठेवली आणि दिव्यापुढे धरा म्हणाले. पत्त्यांच्या कॅटातल्या पानाहून जराशी मोठी. कागद तपकिरी नव्हता की कडकही नव्हता. जुन्या धुवट धोतरासारखा मऊ होता, आणि ते बरोबरच, कारण तो काळ चिंध्यांपासून कागद करण्याचा. उजेडात त्यात निळे दोरे दिसले आणि अभ्रकाचे कण चमकले. सहा डॉलरची नोट, १७७६ ची. वर नंबर आणि दोन सह्या, सगळं हाताने लिहिलेलं. मधोमध वर्तुळात झाडाचं खोड कुरतडणारा एक प्राणी.

‘ही घूस आहे का?’ आमच्यापैकी एकाने मराठीत विचारलं.

‘नोटेवर घूस! म्हणजे आपल्याकडच्या कचेरीतलीच.’

तो बीव्हर निघाला. खाली लॅटिनमध्ये लिहिलं होतं, ‘पर्सिव्हरांडो’, म्हणजे चिकाटी धरून. एवढंसं जनावर दातांनी एवढं मोठं झाड पाडतं, तसं आम्ही इंग्लंडला पाडू, असा भावार्थ. ही चित्रं आणि ही वचनं बेंजामिन फ्रँकलिनने जुन्या ग्रंथांतून निवडून दिली होती. किंमत सांगितली ४५ डॉलर. मग आमची मराठीत चर्चा. ‘एवढ्यात आठवड्याचा किराणा येतो.’ ‘पोरीसमोर नको.’ ‘पोरगीच म्हणतेय घ्या म्हणून.’ ते गृहस्थ शांतपणे वाट पाहत उभे होते. त्यांना शब्द कळत नसले तरी संवाद ओळखीचा असावा.

घरी येऊन नोट नीट वाचली. ही नोट बाळगणाऱ्याला सहा स्पॅनिश डॉलर किंवा तेवढ्या किमतीचं सोनं-चांदी मिळण्याचा हक्क आहे, असं तिच्यावर छापलेलं. म्हणजे अमेरिकेची पहिली राष्ट्रीय नोट परक्या राजाच्या नाण्याची हमी देत होती. (हे स्पॅनिश चांदीचे डॉलर व्यापाराबरोबर आपल्या सुरतेलाही येत आणि तिथे वितळून त्यांचे रुपये पाडले जात. जग तेव्हाही लहानच होतं.) पण फिलाडेल्फियातल्या काँग्रेसकडे ना ते डॉलर होते, ना कर बसवण्याचा अधिकार. कर वसूल करायचा तेरा वसाहतींनी, आणि त्या एकमेकींच्या तोंडाकडे पाहत बसलेल्या. आपल्याकडे अशा कामाला बारभाईंचा कारभार म्हणतात. इथे तर एक भाऊ जास्तच!

बारभाई उगाच नाही आठवले. आम्ही दोघंही शाळेत पेशवाई घोकून आलेले, आणि या नोटांवरची सालं वाचताना सारखं वाटायचं की ही कुठेतरी पाहिली आहेत. १७७३ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात नारायणरावांचा खून झाला. त्याच वर्षी डिसेंबरात बॉस्टनच्या बंदरात ईस्ट इंडिया कंपनीचा चहा पाण्यात गेला. १७७५ च्या मार्चमध्ये राघोबादादांनी सुरतेला इंग्रजांशी तह केला आणि जूनमध्ये इथल्या काँग्रेसने पहिले २० लाख डॉलर छापायला मंजुरी दिली. १७७९ च्या जानेवारीत वडगावला मुंबईकर इंग्रजांनी मराठ्यांपुढे नांगी टाकली, आणि त्याच महिन्यात काँग्रेसने या नोटांची शेवटची खेप मंजूर केली. एकाच कंपनीशी, एकाच राजाच्या माणसांशी दोन्हीकडे झुंज चाललेली. थोरलीच्या प्रोजेक्टमध्ये आम्ही हे सगळं घातलं. बाईंनी लाल शाईने लिहिलं, ‘इंटरेस्टिंग, बट स्टे ऑन टॉपिक’.

तर नोटा छापत गेल्या. सह्या करायला सुरुवातीला २८ सह्याजीराव नेमले होते, हजार नोटांमागे एक पूर्णांक एक तृतीयांश डॉलर मजुरी. १७७५ ते १७७९ या काळात एकूण २४ कोटींहून जास्त डॉलरच्या नोटा निघाल्या. इंग्रजांनी न्यूयॉर्कमधून खोट्या नोटा छापून सोडल्या. फुकटात मिळतील, फक्त कागदाचे पैसे द्या, अशी जाहिरातसुद्धा १७७७ साली वर्तमानपत्रात आली होती. खोट्यांचा एवढा सुळसुळाट झाला की दोन अख्ख्या खेपा काँग्रेसला परत मागवाव्या लागल्या. सामान आणायला गाडीभर नोटा न्याव्या लागतात आणि सामान जेमतेम गाडीभर येतं, अशा अर्थाची तक्रार वॉशिंग्टनने १७७९ साली लिहून ठेवली आहे. १७८० च्या मार्चमध्ये काँग्रेसनेच मान्य केलं की आमचे ४० कागदी डॉलर म्हणजे चांदीचा एक. पुढच्या वर्षी त्या कोणी घेईनासं झालं. फिलाडेल्फियात लोकांनी टोप्यांत नोटा खोचून मिरवणूक काढली आणि एका कुत्र्याला डांबर फासून वर नोटा चिकटवल्या, अशी हकीकत आहे. एखादी गोष्ट कवडीमोलाची असली की ‘नॉट वर्थ अ काँटिनेंटल’ म्हणायची पद्धत पडली ती तेव्हापासून.

आमच्या वहीत सगळ्यात जास्त हाताळलेली नोट मात्र काँग्रेसची नाही, आपल्या न्यू जर्सीची आहे. १२ शिलिंगांची, २५ मार्च १७७६ ची, बर्लिंग्टनला आयझॅक कॉलिन्सने छापलेली. तिच्यावर राजा तिसऱ्या जॉर्जचं नाव आहे आणि खाली एक सही आहे जॉन हार्टची. हा होपवेलचा शेतकरी. मार्चची तारीख असलेल्या नोटांवर राजाच्या कायद्याखाली सही करणारा हा माणूस त्याच वर्षी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावरही सही करून बसला! त्या सहीची शिक्षा फाशी होती. डिसेंबरात इंग्रज फौज न्यू जर्सीत घुसली तेव्हा हार्टला घरदार सोडून लपावं लागलं. होपवेल आमच्यापासून तासाभरावर. एका शनिवारी डबा घेऊन गेलो, बॅप्टिस्ट मीटिंग हाउसच्या आवारात त्याचा दगडी स्तंभ पाहिला आणि तिथल्याच बाकावर पोळीभाजी खाल्ली.

या नोटेच्या मागच्या बाजूला झाडाचं एक पान छापलं आहे, अगदी शिरान्‌शीर दिसावी असं. ही युक्तीही फ्रँकलिनचीच, १७३० च्या दशकातली. खऱ्या पानाचा साचा घेऊन त्यावरून धातूचा ठसा ओतायचा. पानाच्या शिरा कोणत्याही कारागिराला हाताने कोरता येत नाहीत, त्यामुळे नक्कल करणारा फसतो. आणि तरीही कोणी धजलंच तर त्याच्यासाठी मोठ्या अक्षरांत सूचना: ‘टू काउंटरफिट इज डेथ’. धाकट्याला हे वाक्य फार आवडायचं. त्याच्या खोलीच्या दारावर ते वर्षभर चिकटवलेलं होतं. त्याच्या आधी होतं ‘माइंड युवर बिझनेस’. तेही नोटेवरचंच, १७७६ च्या अपूर्णांकातल्या नोटांवर सूर्यघड्याळाखाली छापलेलं. फ्रँकलिनला बहुधा ‘आपापला धंदा नीट बघा’ असं म्हणायचं होतं. तेराव्या वर्षी त्याचा अर्थ वेगळा होतो.

आता जरा कामाची माहिती. कोणाच्या घरी जुने कागद असतील, मग नोटा असोत की आजोबांची पत्रं, त्यांना सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेट तर मुळीच करू नका. स्वस्त मऊ प्लॅस्टिकची पाकिटं वापरू नका, त्यातला पीव्हीसी कागद खातो. मायलारची घ्या. नोटांविषयी वाचायचं असेल तर एरिक न्यूमन यांचं पुस्तक लायब्ररीतून मागवा. पहिली आवृत्ती १९६७ ची, पुढे सुधारून वाढवत पाचवी २००८ साली आली. सेंट लुईसचा हा माणूस शंभरी उलटल्यावरही याच कामात होता.

त्या पांढऱ्या केसांच्या गृहस्थांकडून आम्ही पुढेही नोटा घेतल्या. एकदा त्यांनी कनेटिकटच्या दोन नोटा शेजारी ठेवल्या. एकीला मधोमध भोक पाडलेलं, दुसरी अखंड. भोकाची स्वस्त, अखंड महाग. आम्हाला वाटलं, साहजिकच, फाटकी साडी स्वस्तच मिळणार. तेव्हा त्यांनी समजावलं. भोक म्हणजे ही नोट सरकारात परत आली, धन्याला मोबदला मिळाला आणि ती रद्द झाली. अखंड नोट परत आलीच नाही. कोणाच्या तरी पेटीत, बायबलात, गादीखाली राहून गेली. थोडक्यात, जिचे पैसे चुकते झाले ती आज स्वस्त आणि जिचे बुडाले ती महाग. काँग्रेसच्या नोटांचंही तेच. ज्या परत आल्या त्या नष्ट केल्या. १७९० च्या कायद्याने शंभराला एक या भावाने रोखे मिळायचे, पण तेवढ्यासाठी किती जण तालुक्याच्या गावी जाणार? आपण जी वही पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो, तिचं पान न् पान कोणाच्या तरी बुडीत खात्याचं आहे, हे आमच्या डोक्यात त्या दिवशी शिरलं. मान्य करतो, शिरलं ते फक्त डोक्यात.

१९९६ च्या उन्हाळ्यात आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली. (आमच्यातल्या एकाची आई, दुसरीच्या सासूबाई. हाक दोघांचीही ‘आई’च.) तिला आम्ही मॉरिसटाउनला जॉकी हॉलोमध्ये नेलं. १७७९-८० चा भयंकर हिवाळा वॉशिंग्टनच्या सैन्याने तिथे काढला. लाकडी झोपड्या उभारून ठेवल्या आहेत, त्या आईने आत शिरून पाहिल्या आणि चूल कुठे होती ते विचारलं. सैनिकांचा पगार याच नोटांत होता आणि तोही महिनोन्‌महिने थकलेला. शेवटी १७८१ च्या नववर्षाच्या दिवशी पेनसिल्व्हानियाच्या पलटणींनी तिथेच बंड केलं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘बायकामुलं असतील ना रे त्यांना घरी?’

रात्री तिला वही दाखवली. आम्ही बीव्हर, सूर्यघड्याळ, जॉन हार्ट असं सगळं सांगत होतो. ती मात्र त्या १२ शिलिंगांच्या नोटेपाशी थांबली. ती नोट मधल्या घडीवर फाटलेली आहे आणि कोणीतरी तेव्हाच सुईदोऱ्याने शिवलेली आहे. त्या काळच्या नोटा अशा शिवलेल्या पुष्कळ सापडतात. विक्रेते त्याला दोष म्हणतात आणि किंमत कमी करतात, म्हणून तर ती आम्हाला परवडली. आईने चष्मा कपाळावर चढवला आणि नोट डोळ्यांजवळ नेली.

‘टाका बघ किती बारीक घातलाय. बाईचा हात आहे.’

मग थोड्या वेळाने, ‘एवढी शिवून ठेवली, आणि बदलून नाही घेतली?’

‘राहून गेली असेल, आई.’

‘अशी कशी राहून जाईल? पैसे आहेत ते.’ एवढं म्हणून ती वही मिटून झोपायला गेली.

पुढची हकीकत आम्ही आजवर मंडळात कोणाला सांगितलेली नाही.

दर दोन-तीन वर्षांनी आम्ही सांगलीला जायचो. निघताना वाकून नमस्कार केला की आईच्या हातात पाचशेच्या काही नोटा ठेवायचो. ती नको नको म्हणायची, आम्ही तिची मूठ मिटवायचो, बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवायचा. तुमच्यापैकी अनेकांनी हे केलं असेल. एवढ्याने आपलं काही फिटत नाही हे माहीत असूनही विमानात बसताना जरा बरं वाटतं.

८ नोव्हेंबर २०१६. इथे मतदानाचा दिवस होता. सकाळी साडेनऊला, म्हणजे तिकडे रात्री ८ वाजता, भारतात पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्याची घोषणा झाली. आम्ही आईला लगेच फोन केला. ती हसत होती. ‘माझ्याकडे कुठल्या आल्यात पाचशेच्या नोटा? तुम्ही दिलेले केव्हाच संपले. दूध, औषधं, भांडीवाली. तुम्ही उगाच काळजी करत बसू नका.’ आम्ही काळजी केली नाही. ३० डिसेंबरची मुदत आली आणि गेली.

आई २०१७ च्या ऑगस्टमध्ये गेली. दिवसकार्य झाल्यावर कपाट आवरायला घेतलं, तर एका इरकली लुगड्याच्या घडीत सात पुड्या निघाल्या. कालनिर्णयची पानं कापून केलेल्या, आणि कडेने पांढऱ्या दोऱ्याने टाके घालून बंद केलेल्या. प्रत्येकीवर पेन्सिलने महिना आणि साल. सगळ्यात जुनी २००३ ची, शेवटची २०१५ ची. ते आमचे निघण्याचे महिने होते. खाली एकच शब्द, ‘मुलांचे’. पहिली पुडी उसवली. आत पाचशेच्या तीन नोटा. सहा पुड्यांत तीन-तीन, शेवटच्या पुडीत चार. एकूण २२ नोटा, ११ हजार रुपये. आम्ही दिलेल्यातले थोडे थोडे दर वेळी बाजूला काढून तिने नातवंडांसाठी ठेवले होते.

आणि बदलून नव्हत्या घेतल्या.

का, यावर आमचं दोघांचं अजून एकमत नाही. एकाचं म्हणणं, विसरली. ८४ वर्षांची होती, रांगा मोठ्या, कोणाला सांगणार? दुसरीचं म्हणणं, जिने साल आणि महिना लिहून टाके घातले ती विसरणं शक्य नाही. बँकेत द्यायच्या तर शेजारच्या मुलाला सांगावं लागलं असतं, त्याने आम्हाला सांगितलं असतं, आणि ‘संपले’ हे तिचं खोटं बोलणं उघडं पडलं असतं. मग पुढच्या वेळी आम्ही तिची मूठ मिटवली असती का? हा वाद आम्ही सांगलीत केला, विमानात केला आणि इथे आल्यावरही काही रात्री केला. आता करत नाही.

परदेशातून येणाऱ्यांना स्वतःजवळच्या नोटा बदलून घेण्यासाठी जादा मुदत दिली होती, तीही ३० जूनला संपलेली. या नोटा तर आमच्या नव्हत्याच. सांगलीला आमचा एक चुलतभाऊ बँकेतून निवृत्त झाला आहे. तो म्हणाला, ‘दादा, या ठेवू नकोस. यंदाच्या कायद्याने दहाच्या वर जुन्या नोटा बाळगणं गुन्हा आहे. दंड होतो, दहा हजार किंवा पाचपट, जे जास्त असेल ते. दहा ठेव, बाकीच्या फाडून टाक.’ म्हणजे १२ नोटा फाडायच्या. कोणत्या १२? २००६ च्या की २०१२ च्या? आम्ही दोघंही त्या पुड्यांकडे पाहत बसलो. तो मोबाइलवर कायदा वाचतच होता. एकदम थांबला. ‘वहिनी, तुमची ती अमेरिकन नोटांची वही आहे ना? इथे लिहिलंय, अभ्यास, संशोधन किंवा नाणेशास्त्र यासाठी २५ पर्यंत चालतात. तुम्ही कायद्याने छांदिष्ट आहात. ठेवा सगळ्या.’

इतकी वर्षं जे थट्टेवारी नेलं होतं ते असं कामाला आलं.

त्या नोटा आता काळ्या वहीत आहेत, शेवटच्या पानांवर, मायलारच्या पाकिटांत. त्यांच्यावरही वचन छापलेलं आहे, धारकाला पाचशे रुपये अदा करण्याचं, खाली गव्हर्नरची सही, आणि मागे भाषांच्या पट्टीत आपल्या मराठीतही ‘पाचशे रुपये’. उसवली ती एकच पुडी. बाकीच्या सहांतल्या नोटा कडेच्या टाक्यांमधल्या फटीतून मोजल्या, पुड्या तशाच ठेवल्या. न्यूमन यांच्या पुस्तकात नोटांची अवस्था ठरवण्याचे नियम आहेत. भोक आहे का, शिवण आहे का, कडा छाटल्या आहेत का. त्याप्रमाणे या नोटा उत्तम अवस्थेत आहेत. कोणी वापरल्याच नाहीत. (न्यूमनही त्याच वर्षी नोव्हेंबरात गेले, १०६ वर्षांचे होऊन.)

मध्यंतरी मुलं आली होती. थोरलीचं स्वतःचं घर झालं आहे, धाकटा कॅलिफोर्नियात असतो. वही पुढे कोणाकडे जाणार असा विषय आम्हीच काढला. आम्हाला वाटलं होतं, बीव्हर कोणाचा यावरून भांडतील. थोरली म्हणाली, बीव्हर तुला घे. धाकट्याने २००९ ची पुडी मागितली. त्या जानेवारीत तो कॉलेजला सुट्टी घेऊन एकटा सांगलीला राहिला होता, आणि त्याच्याही हातात निघताना आजीने काहीतरी कोंबलं होतं म्हणे. ते त्याने खर्च केलं, मिरजेच्या स्टेशनवर, वडापाव आणि पुस्तकं. पुडी अजून आमच्याकडेच आहे. विमानात हरवेल म्हणून दिली नाही.

गेल्या महिन्यात चुलतभावाचा फोन आला. आईची पोथी त्याच्याकडे आहे, ती श्रावणात वाचायला काढली तर मध्ये खूण म्हणून घातलेली पाचशेची एक जुनी नोट सापडली. त्याने आधी कायदा सांगितला: २२ आणि एक, २३. अजून दोनांना जागा आहे. मग म्हणाला, पोस्टाने नको, कोणी येणारं-जाणारं असेल तर त्याच्या हाती पाठवतो, पोथीच्या पानाचा नंबर लिहून ठेवलाय.

तरी मंडळातलं कोणी येत्या डिसेंबरात सांगली-मिरजेकडे जाणार असेल तर कृपया आम्हाला कळवावं. सामान काही नाही, एक पाकीट आहे.